गवा गाळा, भाकरी ठेवा

पत्र थोडक्यात असं: मी सांगली जिल्ह्यात बँकेत नोकरी करते, वय 43. गेली तीन वर्षं रात्री जेवणं आटोपल्यावर बसून किशोरवयीन मुलांसाठी एक साहसकथा लिहून पूर्ण केली आहे. मनवा (13), तिचा धाकटा भाऊ ओम (10) आणि शेजारचा फैयाज (13) अशी तीन मुलं आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या एका मोठ्या गटात सामील होतात. मनवाचे आजोबा दर वर्षी ही वाट चालायचे, आता अंथरुणाला खिळलेत. त्यांच्यासाठी खिंडीतलं पाणी बाटलीत भरून आणायचं, हा बेत. वडिलांनी नको म्हटलेलं, म्हणून मावशीकडे जातो सांगून निघतात. दुसऱ्या दिवशी करपेवाडीच्या पुढे रानात, धुक्यात गट हरवतो. एक दिवस आणि एक रात्र तिघंच. एकूण 31 प्रसंग, 58 हजार शब्द. प्रकाशकांना कथा आवडलीय, पण 35 हजारांच्या वर नको म्हणतात. मी थरारक प्रसंगांवर लाल खूण केली आणि गप्पांच्या प्रसंगांवर हिरवी. आठवीतला मुलगा म्हणतो, हिरवं सगळं उडव. तसं करून पाहिलं तर वाचताना दम लागतो, मजा येत नाही. मी स्वतः ही वाट दोनदा चाललेय, 1660 चा इतिहास वाचून काढलाय. काय काढू नि काय ठेवू?

ताई,

प्रसंगांची यादी सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. नाहीतर अशा पत्राला मोघम उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसतं. यादी मी दोनदा वाचली. चिरंजीवांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण ऐकू नका. आठवीत असताना मीही मिसळीत नुसती तर्री मागायचो.

आधी त्या लाल-हिरव्या खुणांकडेच बघू. खुणा करतानाच तुम्ही धरून चाललात की धोका म्हणजे साहस आणि बोलणं म्हणजे भर. आता तुमचे तीन लाल प्रसंग घ्या. क्रमांक 12, धुक्यात समोर उभा राहिलेला गवा. क्रमांक 15, सॅकखाली निघालेला नाग. क्रमांक 19, कपारीतली वटवाघळं. तिन्हींत काय होतं? मुलं चालतायत, समोर संकट येतं, तिघं श्वास रोखून थिजतात, संकट आपणहून निघून जातं, मुलं पुन्हा चालायला लागतात. प्राणी तेवढा बदलला. गव्याला सात पानं दिलीत आणि तो गेल्यावर मुलांकडचं काहीही कमी झालेलं नाही, काही वाढलेलंही नाही. ओमचा पाय आधी मुरगळलेला होता, नंतरही तेवढाच मुरगळलेला आहे.

आता क्रमांक 17. यादीत त्याला तुम्ही जेमतेम दोन ओळी दिल्यात, शिवाय हिरवी खूण. अंधारून आलंय, तिघांत मिळून दीड भाकरी उरलीय. मनवा म्हणते, मी मघाशीच खाल्ली. ओम झोपल्यावर ती फडक्याला चिकटलेले भाकरीचे कण बोटाने टिपून खाते. फैयाज ते बघतो आणि काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणी न सांगता ओमला पाठुंगळीला घेतो.

हा प्रसंग काढून बघा. सकाळी फैयाजने ओमला उचललं हे नुसतंच चांगुलपणाचं वाक्य होऊन बसेल. आणि गवा काढून बघा, कुठेच काही ढासळणार नाही. म्हणून म्हणतो, गवा गाळा, भाकरी ठेवा. गव्याचा अगदी मागमूस पुसायची गरज नाही. चिखलात उमटलेला ताटलीएवढा खूर, त्यात साठलेलं पाणी, त्या पाण्यावर अजून तरंगणारा चिखलाचा गढूळपणा, म्हणजे जनावर आत्ताच इथून गेलंय. एवढं चार ओळींत लिहा. वाचणारं पोर पुढची दहा पानं झाडीकडे बघत राहील. सात पानांच्या गव्यापेक्षा न दिसलेला गवा जास्त वेळ टिकतो.

आता यादीतल्या त्या जागेकडे येतो, जिथे मी पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही चार प्रसंग रानाबाहेर नेलेत: मावशीचा फोन आल्यावर आईला कळतं ते, वडील मोटरसायकल काढून निघतात ते, फैयाजचा भाऊ गावकऱ्यांना गोळा करतो ते, आणि बॅटऱ्या घेऊन शोध सुरू होतो ते. चारही नीट लिहिले असणार, शंका नाही. आईचा तर मला वाचायलाही आवडेल. पण हे चारही जायला हवेत, आणि का ते तुमच्याच वाटेवरच्या गोष्टीतून सांगतो.

पन्हाळ्याची हकीकत आपण शाळेत ऐकतो, आजीकडून ऐकतो, गडावर गेलो की कुणीतरी सांगतंच. सगळे सांगणारे ती जवळपास सारख्याच ठिकाणी कापतात, हे कधी लक्षात आलंय? सिद्दी जौहरचा वेढा मार्च 1660 ला पडला आणि महाराज जुलैत निसटले. चार महिने! ते एका वाक्यात जातात: वेढा काही केल्या उठेना. मग पावसाळी रात्र. दोन पालख्या, एकीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद. इथे सांगणारा थांबतो, पालखी पकडली जाते, ओळख पटते, सगळं सावकाश. मग साठेक किलोमीटरची चिखलातली वाट, ती पुन्हा दोन वाक्यांत. आणि मग घोडखिंड. बाजीप्रभू म्हणतात, तुम्ही पुढे व्हा, गडावर पोचलात की तोफा करा, तोवर खिंड सोडत नाही.

आता बघा. विशाळगडालाही तेव्हा वेढा होता, सुर्वे आणि दळवी यांचा. महाराजांना गडाखाली लढून वर जावं लागलं. म्हणजे ऐन साहसाचा, तलवारीचा प्रसंग, आणि साक्षात नायकाचा! तरी बहुतेक सांगणारे तो गाळतात किंवा ओझरता उरकतात. कितीतरी मोठ्या माणसांना तो ठाऊकही नसतो. क्षुल्लक होता म्हणून गेला असं मला वाटत नाही. तो सांगायचा तर ऐकणाऱ्याला खिंडीतून उठवून गडाखाली न्यावं लागतं. मग महाराज वर पोचले हे त्याला बाजींच्या आधी कळतं. तोफ वाजते तेव्हा ती बातमी राहत नाही, नुसता आवाज होतो. खिंडीतच ठेवलं तर बाजींचे कान आणि आपले कान एकच. तोफ त्यांना आणि आपल्याला एकाच क्षणी ऐकू येते. तपशिलांवर इतिहासाचे अभ्यासक वाद घालतात, जरूर घालावेत. पण लोकांनी ही गोष्ट सांगून सांगून जी बेतली आहे, तिच्यासारखी शिकवणी दुसरी नाही.

तुमच्या रानाबाहेरच्या चार प्रसंगांचं हेच होतं. शोध सुरू झालाय, माणसं निघालीत, हे वाचकाला कळलं की धुकं पातळ होतं. तिघांना काय ठाऊक आहे? आपण मावशीकडे आहोत असं घरचे समजतायत. म्हणजे कुणी शोधायला येणारच नाही, आणि हे त्यांच्याच खोटेपणामुळे. केवढी भीती आहे ही! ती तुम्ही तयार केलीत आणि आईच्या प्रसंगाने लगेच सोडवूनही टाकलीत. रात्री धनगरवाड्यात ओमला लांबवर शिट्ट्या ऐकू येतात आणि म्हातारी म्हणते, "न्हाई रं, पावश्या आसल," असं क्रमांक 23 मध्ये आहे. पुस्तकातली ती सगळ्यात चांगली जागा आहे. आज ती फुकट जाते, कारण शिट्टी कुणाची हे आम्ही आधीच वाचलेलं असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. काही साहसकथा दोन्हीकडे आलटून पालटून नेल्या जातात आणि रंगतात. तिथे वाचकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असणं हीच गंमत असते: पूल खचलाय हे आपल्याला ठाऊक आणि गाडी तर पुलाकडे निघालीय. तुमच्या चार प्रसंगांत असं धोका वाढवणारं काही असतं तर मी ठेवा म्हटलं असतं. त्यांत आहे तो दिलासा. दिलासा जरा उशिरा द्यावा.

1660 च्या सहा प्रसंगांबद्दल तुम्ही लिहिलंय, "हे काढायला हात धजत नाही, कारण हे खरं आहे आणि वर्षभर वाचलंय." समजू शकतो. मी एकदा एका गोष्टीसाठी पडक्या विहिरीत दोर बांधून उतरलो होतो. पायऱ्या मोजल्या, भिंतीतली पाकोळ्यांची घरटी मोजली. गोष्टीत विहिरीला नऊ पानं लागली. संपादकांनी सगळ्यावर एक तिरपी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "उतरला. पुढे?" आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. छापताना विहीर एका परिच्छेदात बसली आणि पायऱ्यांचा आकडा तेवढा राहिला.

तुमचा वाचक कोण? बारा-तेरा वर्षांचं मराठी पोर. त्याने चौथीच्या इतिहासात शिवछत्रपतींचं अख्खं पुस्तक वाचलेलं आहे. वेढा, पालखी, खिंड त्याला तोंडपाठ आहे, तेव्हा ते पुन्हा मांडून दाखवण्यात पंधरा-वीस पानं घालू नका. ठेवायचे ते दोनच प्रसंग, जिथे मुलं स्वतः त्या गोष्टीला हात घालतात. एक, फैयाज विचारतो, "शिवा काशीदला आधीपासून माहीत असणार ना, आपण परत येणार नाही म्हणून?" आणि मनवाला उत्तर देता येत नाही. दोन, आजोबांची सांगण्याची ढब, तोफेच्या जागी पितळी तांब्यावर टिचकी मारायची. शेवटी आजोबा पाणी पितात तेव्हा तो तांब्या परत येतो, म्हणून त्याची सोय आधी लागायलाच हवी. बाकीचे चार वहीत राहू द्या. वाचलेलं वाया जात नाही. रात्री त्या वाटेवर चिखल किती असतो हे तुम्हाला ठाऊक आहे, ते ओमच्या बुटात उतरलंय.

लाकूडचोरांबद्दल मात्र मी अडखळलो. तीन प्रसंग, सहा हजार शब्द, आणि चिरंजीवांचे सर्वांत लाडके. ठेवायचे तर ठेवता येतील, पण खलनायक एकदा घरात घेतला की शेवटपर्यंत भाडं मागतो. तो पकडला जायला हवा किंवा निसटायला हवा. पकडायला कुणीतरी लागतं, म्हणजे पोलीस आले, वनखातं आलं, जबाब आले. मग शेवटाकडे आजोबांच्या बाटलीकडे बघायला कुणाला फुरसत नाही. तुम्ही त्यांना क्रमांक 22 नंतर सोडूनच दिलंय, याचा अर्थ तुम्हालाही ते फारसे नको आहेत. माझा कौल काढण्याकडे आहे. पण जीव अडकला असेल तर त्यांच्यासाठी याच तिघांचं दुसरं पुस्तक लिहा. तिथे त्यांना पहिल्या पानापासून जागा द्या.

आता जे यादीत नाही त्याबद्दल. क्रमांक 29 ला मुलं म्हातारीच्या नातवाबरोबर खिंडीत पोचतात, 30 ला बाटली भरतात आणि 31 ला थेट आजोबांच्या खाटेपाशी. मधे वडील कुठे गेले? ते तर खिंडीपाशी येऊन थांबलेत असं तुम्हीच आधी लिहिलंय. खोटं बोलून गेलेली मुलगी, रात्रभर शोधणारा बाप, समोरासमोर. तो प्रसंग नाहीच. मला वाटतं तो लिहायला जड गेला, म्हणून तुम्ही उडी मारलीत. चूक काढत नाही, बहुतेकजण असंच करतात. गव्याची सात पानं हातातून सरसर निघतात आणि बापाच्या एका पानाला महिना लागतो. पण आम्ही वाचकांनी पहिल्या प्रकरणात ते खोटं ऐकलंय. त्याचा हिशोब होताना बघायचाय. मुलं या बाबतीत फार हिशोबी असतात. बाटलीचं झाकण कुठे गेलं हेसुद्धा विचारतात.

गाळायला काय चालतं नि काय नाही, याची माझी तपासणी म्हणूनच साधी आहे. ज्या प्रसंगाची वाचकाला आधी आशा लावलीत तो दाखवावाच लागतो. चाळीस पानं ओढ्याला पूर आलाय म्हणून घाबरवलंत तर ओढा ओलांडताना आम्हाला तिथे उभं करा. "कसेबसे पलीकडे पोचले" चालणार नाही. आणि ज्याचा परिणाम पुढच्या प्रसंगात आपोआप दिसतो तो बिनघोर काढा. शिवाजी महाराज 17 ऑगस्ट 1666 ला आग्र्याहून निसटले. सांगणारा पेटाऱ्यांपाशी रेंगाळतो, पांघरुणाबाहेर काढलेला हिरोजी फर्जंदचा अंगठी घातलेला हात दाखवतो, आणि पुढच्याच वाक्यात राजगडाच्या दारात बैरागी उभा! मधला सगळा मुलूख त्या भगव्या कफनीत मावतो. वाट दाखवली नाही म्हणून अजून कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

करायचं कसं? घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतील, त्यांच्या कोऱ्या पाठी घ्या. एका पत्रिकेवर एक प्रसंग. प्रसंगात काय घडतं ते लिहू नका. आत जाताना तिघांपाशी काय होतं आणि बाहेर येताना काय आहे, एवढंच लिहा. वस्तू, जखम, एकमेकांवरचा राग, कळलेली गोष्ट, काहीही. टॉर्चच्या सेलवरून झालेलं भांडण घ्या: आत जाताना टॉर्च चालू, बाहेर येताना टॉर्च बंद आणि मनवा-ओम अबोला. झकास पत्रिका. गव्याची पत्रिका दोन्हीकडे सारखीच भरली जाईल. पत्रिका जमिनीवर ओळीने मांडा आणि सारख्या भरलेल्या उचलून बाजूला ठेवा. मग उरलेली कथा मोठ्याने वाचून दाखवा. चिरंजीवांना नको, त्यांना सगळं पाठ आहे. शेजारच्या एखाद्या पोराला बसवा आणि काय काढलंय ते सांगू नका. त्याने मधेच "मग ते कुठे गेले?" असं विचारलं तर तिथे खड्डा आहे. नाही विचारलं तर तिथे काही नव्हतंच.

सांधा जोडायला लांबलचक वाक्यं लागत नाहीत. तुमचं प्रकरण नऊ असं संपतं: "शेवटी ती भयाण गुहा मागे टाकून तिघांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि थकल्या पावलांनी ते पुढच्या अज्ञात वाटेवर चालू लागले." वटवाघळं गेली की हे वाक्यही जाईल, सुंठीवाचून खोकला गेला. त्याआधीच्या "टॉर्च पेटेना" वर प्रकरण तोडा आणि पुढचं थेट म्हातारीच्या आवाजाने उघडा: "कोन हाय रं त्या झाडीत?" मधला अंधार वाचक स्वतः चालून येईल.

आता तुम्ही बँकेतल्या, तर हिशोबही मांडू. इतिहासाचे चार प्रसंग अंदाजे सहा हजार शब्द. गवा, नाग, वटवाघळं साडेपाच हजार. रानाबाहेरचे चार, चार हजार. लाकूडचोर सहा हजार. गेले साडेएकवीस हजार, उरले साडेछत्तीस. वडिलांचा नवा प्रसंग दीड हजाराचा धरा, म्हणजे 38 हजार. राहिलेले तीन हजार अठरा प्रसंगांच्या डोक्या-शेपटांतून निघतील, प्रत्येकी दीडशे-पावणेदोनशे शब्द. उजाडण्याची वर्णनं आणि निःश्वास एवढे काढले तरी भागेल. प्रकाशकांच्या आकड्यावर रागावू नका. 35 हजार शब्द आणि थोडी चित्रं म्हणजे 160 पानं, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. त्यावर किंमत ठरते आणि किंमतीवर आईबाप पुस्तक घेतात की परत ठेवतात ते ठरतं.

काढलेलं फाडू नका. वेगळ्या फाइलीत ठेवा आणि महिनाभर उघडू नका. महिन्याने त्यातला एखादा प्रसंग न बघता जसाच्या तसा आठवला तर त्याचा पुन्हा विचार करा.

जळवांचं विचारलंय तुम्ही शेवटी, "त्या तर मला खरंच लागल्या होत्या." ठेवा. दोन पानांचं अर्धं पान करा. फक्त मिठाची पुडी फैयाजच्या खिशात कुठून आली ते निघतानाच, त्याची आई डबा भरत असताना सांगून टाका.